ग्रीस गन कोणत्या रंगाची घ्यावी

खांदा आखडला की माणसाने डॉक्टरकडे जावं, बायकोची बोलणी खावीत आणि महिनाभर गप्प बसावं, ही सरळ रीत आहे. कोझो नुमाता यांनी यातली फक्त बोलणी खाल्ली. बाकीच्या वेळात त्यांनी यंत्रात वंगण भरायची ग्रीस गन घ्यायचं ठरवलं. तीसुद्धा हाताने दाबायची नव्हे, बॅटरीवर चालणारी. पुढे जो घोळ झाला तो या एका निर्णयातून झाला, आणि एवढ्याशा वस्तूवरून एवढा मोठा घोळ घालायला माणसं अतिशय सभ्य असावी लागतात. आमच्या शिनोबेत्सु गावात सभ्य माणसांचा तुटवडा कधीच नव्हता.

ऑक्टोबर लागला होता. बटाटे निघाले होते, हिदाकाच्या डोंगरमाथ्यावर बर्फ दिसायला लागलं होतं आणि साखरबीट जमिनीत फुगून बसले होते. ते उपटणारं यंत्र चार घरांत मिळून एक. एकट्याने घ्यायचं म्हटलं तर जमीन विकावी लागेल, आणि मग त्या यंत्राने उपटायचं काय, असा प्रश्न येतो. म्हणून चार घरांचं बीटयंत्र मंडळ. यंत्राची देखभाल दरवर्षी एका घराकडे, पाळीने. यंदा पाळी नुमातांची होती.

देखभाल म्हणजे मुख्यतः ग्रीस. या यंत्राला ग्रीस भरायच्या निपल, म्हणजे बारीक टोट्या, जिकडेतिकडे आहेत. बसल्याजागी दिसणाऱ्या थोड्या, वाकून दिसणाऱ्या बऱ्याच, आणि उरलेल्या अशा की त्या बसवणाऱ्याचा शेतकऱ्यांवर काही जुना राग असावा. ग्रीसच्या हातपंपाची तऱ्हा अशी की एका हाताने नळी निपलवर दाबून धरायची आणि दुसऱ्याने दांडा ओढत राहायचं. नुमातांचा उजवा हात कमरेच्या वर जायला तयार नव्हता. आमच्याकडे या दुखण्याला ‘पन्नाशीचा खांदा’ म्हणतात. नुमातांची साठी उलटलेली. आजारपण दहाबारा वर्षं उशिरा आलं याचा त्यांना मनातून थोडा अभिमानही होता, पण तो सांगायचा कुणाला?

त्यांनी डाव्या हाताने दांडा ओढून पाहिला. नळी सुटली. गुडघ्यांत पंप धरून पाहिला. ग्रीस बाहीत गेलं. शेवटी पंपाची एक बाजू टायरला टेकवून दुसरी पोटाशी धरली आणि सगळं अंग पुढे झोकलं. पोट मजबूत होतं. ग्रीस जाऊ लागलं. नेमकी त्याच वेळी फुमिए चहा घेऊन शेडमध्ये आली. मुलगा सापोरोला नोकरीला जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी हे नवराबायको अजून एकमेकांना ‘बाबा’ आणि ‘आई’च म्हणतात.

“बाबा, काय चाललंय?”

“ग्रीस भरतोय.”

“तुम्ही टायरला मिठी मारलीय.”

“जवळून बघत होतो. टायर बघायला नकोत?”

“खांद्याचं सांगून टाका ना मंडळाला. एखादं वर्ष दुसरं कुणी करेल. त्यात काय कमीपणा आहे?”

“कुणाच्या खांद्याचं?”

फुमिएने चहा ठेवला आणि ती निघून गेली. लग्नाला इतकी वर्षं झालेल्या बाईला यापेक्षा जास्त बोलायची गरज पडत नाही.

पण नुमातांचंही चुकत नव्हतं. मंडळात कुणाला काढून टाकत नाहीत. तसलं रानटी काम आमच्याकडे होत नाही. ज्याच्याने पाळी होत नाही, त्याच्या घरी अध्यक्ष मिकामी स्वच्छ शर्ट घालून येतात, ओट्यावर बसून हवेची चौकशी करतात आणि वाकून म्हणतात, “इतकी वर्षं फार कष्ट घेतलेत. आता पाळीतून तुम्हाला माफी.” झालं. माफी मिळालेला माणूस बैठकीला येतो, पण त्याला कुणी काही विचारत नाही. मग तो बैठकीला येत नाही. मग त्याची जमीन कुणीतरी कसायला घेतं, आणि मग तो परसात काकड्या लावतो व भेटेल त्याला देत सुटतो. फुजिकुरांचं असंच झालं होतं. त्यांच्या काकड्या उत्तम होत्या, पण त्या हातात घेताना गावातला प्रत्येक साठीचा माणूस मनातून हादरायचा. नुमातांना काकड्या लावायच्या नव्हत्या. त्यांना बीटच काढायचे होते, आणखी काही वर्षं तरी, वडिलांनी उभ्या केलेल्या मंडळात, मानाने.

तेव्हा खांद्याबद्दल चकार शब्द न काढता बॅटरीची गन आणायची, असा त्यांचा बेत. एकट्याने आणली असती तर काही झालंच नसतं. पण मंडळाच्या यंत्राला मंडळाचंच हत्यार लावायचं, हा नियम. आणि मंडळाचं कुठलंही हत्यार चौघांच्या एकमताने यायचं, हा दुसरा नियम.

बैठक गावच्या सभागृहात भरली. चपला काढून सपाता घालायच्या, रॉकेलच्या शेगडीभोवती बसायचं, आधी चहा, मग विषय, मग लोखंडी तव्यावर मटण, असा ठरलेला क्रम. चौघं जमले. अध्यक्ष मिकामी, वय अठ्ठ्याहत्तर, बोलणं कमी आणि मान डोलावणं जास्त. किकुएसान, म्हणजे किकुएबाई, नवरा गेल्यापासून एकटीने शेत हाकणारी, हसरी, पण बाजारात बटाट्याचा भाव सोडायला कधीच तयार न होणारी. हामानाका, चौघांत तरुण म्हणजे चोपन्नचा, ज्याच्या शेडमध्ये शेतीच्या सामानापेक्षा ते दुरुस्त करायचं सामान जास्त आहे. आणि नुमाता.

नुमातांनी भाषण पाठ करून आणलं होतं. “हल्ली यंत्रं जड झाली, बेअरिंगं महाग झाली. हाताच्या पंपाने ग्रीस सारखं जात नाही. माझं काही नाही, मी तर हातानेच करीन. पण यंत्राच्या हितासाठी…”

“उत्तम कल्पना,” मिकामी म्हणाले.

नुमाता दचकले. मिकामी नव्या गोष्टीला नेहमी “विचार करू” म्हणतात. आमच्या बोलीत त्याचा अर्थ ‘नाही’ असा आहे.

“मीसुद्धा हेच म्हणणार होते,” किकुएसान म्हणाल्या.

“घ्यायलाच हवी. उद्याच घ्या,” हामानाका म्हणाला.

बीटयंत्र मंडळाच्या आयुष्यात इतक्या लवकर एकमत कधी झालं नव्हतं. खरं तर तिथेच माणसाने सावध व्हायला हवं. पण नुमातांना आपल्या वक्तृत्वाचा विजय झाल्यासारखं वाटलं आणि ते चहा प्यायले.

“बॅटरी कुणाची बसणारी?” हामानाकाने विचारलं.

चौघांचेही पेले एकदम खाली आले.

हा प्रश्न किती नाजूक आहे हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. हल्ली प्रत्येक घरात बॅटरीची हत्यारं असतात आणि प्रत्येक कंपनीची बॅटरी वेगळी. एकीची दुसरीला बसत नाही. त्यामुळे ज्याने पहिला ड्रिल ज्या रंगाचा घेतला, त्याचं पुढचं सगळं आयुष्य त्याच रंगात जातं. नुमाता निळे. त्यांची करवत निळी, पाला उडवायचा पंखा निळा, फुमिएचं केर ओढायचं यंत्रसुद्धा निळं. मिकामी हिरवे. हामानाका लाल. किकुएसान पिवळ्या, कारण त्यांचे कैलासवासी यजमान पिवळे होते, आणि नवऱ्याच्या मागे बाई इतकी एकनिष्ठ राहिलेली आमच्या पंचक्रोशीत दुसरी नाही. ज्याच्या रंगाची गन येईल, त्याच्या घरच्या बॅटऱ्या तिला चालतील. बाकीचे तिघे पाळीला त्याच्या दारात बॅटरी मागायला जातील. म्हणजे एकाला मोठेपणा येणार. आणि मोठेपणा स्वतःहून घेणं यासारखी असभ्य गोष्ट नाही.

“अध्यक्षांची हिरवी घ्यावी,” नुमाता म्हणाले.

“छे छे, माझ्या बॅटऱ्या जुन्या. हामानाकाची लाल घ्या, तो जाणकार आहे.”

“मी काय जाणकार! किकुएसानची पिवळी हलकी असते.”

“अगं बाई, माझी कशाला? यंदा पाळी नुमातासानची, निळीच योग्य.”

“नको नको. हिरवीच.”

अशा फेऱ्या सुरू झाल्या. आमच्याकडे ‘तुमचीच घ्या’ याचा अर्थ काय होतो हे सांगणं कठीण आहे. पहिल्या वेळी त्याचा अर्थ शिष्टाचार. दुसऱ्या वेळी ‘माझी घ्या असं कुणीतरी म्हणा ना’. तिसऱ्या वेळेपासून कुणालाच काही अर्थ माहीत नसतो, पण थांबायचं कसं हेही माहीत नसतं. मटणावरचा कांदा जळायला लागला तेव्हा मिकामी म्हणाले, “विचार करू.” आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडून कांदा उलटला.

आठवडा गेला. नुमातांचा खांदा आणखी बिघडला. फुमिए रोज सकाळी औषधी पट्टी चिकटवायची आणि ते वरून दोन शर्ट घालायचे, वास येऊ नये म्हणून. साखर कारखान्याने बीट पोचवायची तारीख कळवली. पुढल्या सोमवारी यंत्र शेतात उभं राहायलाच हवं. यंत्र मात्र शेडमध्ये उभं राहून कुठेतरी कुरकुरत होतं.

तेव्हा नुमाता सहकारी सोसायटीत गेले. तिथे यंत्रविभाग सांभाळणारे इगाराशीसान निवृत्तीच्या उंबरठ्यावर होते. उरलेल्या काळात आपल्या हातून कोणताही निर्णय होऊ नये, एवढीच त्यांची इच्छा.

“बॅटरीची ग्रीस गन,” त्यांनी शब्द चावून पाहिला. “नुमातासान, हे हत्यार की यंत्र?”

“गन आहे हो. ग्रीसची.”

“ते बरोबर. पण हत्यार असेल तर तुम्ही दुकानातून घ्यावी, आमचा संबंध नाही. यंत्र असेल तर मंडळाच्या चारी सभासदांचे सहीचे शिक्के लागतील, शिवाय चालकाने वापराचं शिक्षण घेतलंय का, ते बघावं लागेल.”

“हातपंपाला तर काही लागलं नव्हतं.”

“हातपंप माणसाच्या जोरावर चालतो. त्याची जबाबदारी माणसावर. बॅटरीची जबाबदारी कुणावर?”

याचं उत्तर जगात कुणाकडे असेल असं वाटत नाही. इगाराशींनी ओबिहिरोच्या कार्यालयाला फोन लावला. तिथून त्यांना सापोरोला विचारायला सांगितलं. सापोरोच्या माणसाने ही चौकशी बर्फ काढायच्या यंत्रांच्या विभागाची आहे असं ठरवलं. तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली.

पण इगाराशी मनाने वाईट नव्हते. निरोप देताना ते हळूच म्हणाले, “एका परदेशी कंपनीचा माणूस नमुना म्हणून एक ठेवून गेलाय. हवेवर चालते, बॅटरी नाहीच. रंगाचा प्रश्नच नाही. घेऊन जा, वापरून बघा. मी दिली असं मात्र म्हणू नका.”

हवेवर चालणारी! नुमातांनी गाडी घरी न नेता थेट हामानाकाच्या शेडवर नेली, कारण हवेचा कॉम्प्रेसर त्याच्याकडे होता. अर्ध्या तासात मिकामी आणि किकुएसानही हजर. हामानाकाने गन उलटीपालटी करून पाहिली आणि त्याचा चेहरा खुलला. काही बिघडलेलं असलं की त्याला बरं वाटतं.

“आपली ग्रीसची नळकांडी यात बसायची नाहीत. आपली घडीची, दाबली की चेपतात. यात कडक नळी लागते.”

“मग?”

“मागचं झाकण काढून हाताने भरू. चमचा आहे का काही? रुंद हवा.”

आता हामानाका अविवाहित. त्याच्या घरात पाने आणि पक्कड यांशिवाय काही मिळेना. नुमातांच्या गाडीत मात्र, फुमिएने बहिणीकडून परत आणायला सांगितलेलं सामान होतं. त्यात भात वाढायचा लाकडी पळा होता. सुंदर, रुंद, गुळगुळीत. फुमिएच्या आईचा.

यावर मी जास्त बोलत नाही. धुऊन ठेवू, कुणाला कळणार आहे, असं नुमाता म्हणाले हे खरं. ग्रीस लाकडात मुरतं हे चौघांनाही माहीत होतं हेही खरं.

गन भरली. कॉम्प्रेसर घरघरला. नमुन्यासाठी नुमातांनी यंत्राऐवजी हामानाकाच्या जुन्या ट्रॅक्टरचं पुढचं चाक निवडलं आणि गन डाव्या हातात घेतली.

“डाव्याने?” मिकामींनी विचारलं.

“लहानपणापासून डावराच आहे मी. शाळेत मारून मारून उजवा केला.”

“एकाच शाळेत होतो आपण,” किकुएसान म्हणाल्या.

घोडा दाबला. टक्‌ टक्‌ टक्‌ असा गोड आवाज सुरू झाला. कष्ट नाहीत, दांडा नाही, खांदा नाही. नुमातांच्या डोळ्यांपुढे पुढली दहा वर्षं एका क्षणात सरकून गेली, सगळी मानाची. ते बघण्यात एक गोष्ट राहून गेली. हातपंपाला, बेअरिंग भरत आलं की दांडा जड होतो आणि तळहाताला कळतं, बस. हवेच्या गनला तळहात नाही. आतली रबरी कडी ‘फट्‌’ करून बाहेर आली आणि पाठोपाठ तपकिरी ग्रीसचा लोळ आला. तो मिकामींच्या टोपीवर बसला. टोपी सोसायटीने त्यांच्या सत्तरीच्या सत्कारात दिलेली होती.

हामानाकाने कॉम्प्रेसर बंद केला. मिकामींनी टोपी काढली, पाहिली, पुन्हा घातली.

“पुरेसं गेलं असावं,” ते म्हणाले.

त्यानंतर हवेच्या गनचा विषय कुणी काढला नाही. घरी फुमिएने पळा हुंगला आणि म्हणाली, “बाबा, आजपासून भात तुम्ही वाढायचा. याच पळ्याने. स्वतःच्या ताटात.” दोन दिवस भाताला ट्रॅक्टरचा वास येत होता. नुमातांनी तक्रार केली नाही. तोंड उघडलं तर खांद्याचा विषय निघेल, ही भीती.

सोमवार जवळ आला होता. शनिवारी संध्याकाळी बैठक. शुक्रवारी नुमाता ओट्यावर बसून राहिले. समोरून फुजिकुरा सायकलवरून जाताना दिसले तेव्हा ते उठून आत गेले. मग त्यांनी स्वतःशी हिशेब केला. एकमत व्हायचं तर कुणीतरी माघार घ्यायला हवी. तोंडाने माघार घेतली की दुसराही घेतो. म्हणून कृतीने घ्यायची. दुसऱ्या कुणाच्या रंगाची गन आणून पुढ्यात ठेवायची, की संपलं. मग ती कुणाची? किकुएसानची. एकटी बाई, तिच्या दारात बॅटरी मागायला जाण्यात कमीपणा नाही. उलट शोभून दिसेल. त्यांनी गाडी काढली, तालुक्याला गेले आणि पिवळी गन घेतली. बॅटरीशिवाय नुसती गनच मिळते. ज्याच्या घरी बॅटऱ्या आहेत त्याने परत बॅटरीचे पैसे का द्यावेत? नुमातांच्या घरी त्या गनचा उपयोग खुंटीला टांगण्यापुरताच होता. पण मन हलकं झालं. आपण मोठ्या मनाचे आहोत, असं त्यांना परतीच्या सबंध वाटेवर वाटत राहिलं.

शनिवारी ते सभागृहात पोचले. पिवळी गन जांभळ्या रुमालात गाठ मारून बांधली होती, भेट बांधतात तशी. आत शिरले तर किकुएसानच्या पुढ्यातही रुमालात बांधलेलं काहीतरी. हामानाकाच्या मांडीजवळ एक. मिकामींच्या मागे भिंतीशी एक. खोलीत औषधी पट्टीचा वास इतका दाट होता की नुमातांना वाटलं, आज दोन शर्ट पुरले नाहीत. त्यांनी खिडकी उघडली. कुणी थंडीची तक्रार केली नाही.

“मी एक छोटीशी गोष्ट आणली आहे,” नुमाता म्हणाले आणि गाठ सोडली. “पिवळी. चर्चा नको. हीच मंडळाची.”

किकुएसानचा चेहरा पडला. त्यांनी आपली गाठ सोडली. लाल. “मला वाटलं, हामानाकासान जाणकार आहेत तर…”

हामानाकाने कपाळावर हात मारला आणि आपलं बोचकं उघडलं. हिरवी. “अध्यक्षांच्या टोपीचं मनाला फार लागलं होतं हो.”

सगळ्यांनी मिकामींकडे पाहिलं. त्यांनी सावकाश भिंतीजवळची गन पुढे ओढली. निळी.

चार रंगांच्या चार गन टेबलावर ओळीने. चारही नव्याकोऱ्या, चारही बिनबॅटरीच्या, आणि ज्याने आणली त्याच्या घरी एकही चालणार नाही अशी. सभ्यपणाचा एवढा कळस आमच्या गावानेसुद्धा पूर्वी पाहिला नव्हता. चौघांनाही आपल्या मोठ्या मनाचा राग आला.

“आता?” हामानाका म्हणाला.

“परवा यंत्र शेतात न्यायचंय,” किकुएसान म्हणाल्या. “बोलून होणार नाही. मत घ्या.”

मंडळात मत कधी घेतलं नव्हतं. मत घेणं म्हणजे कुणीतरी हरणार हे उघड मान्य करणं. मिकामींनी चहाचा पेला बाजूला सारला. मग त्यांनी घसा खाकरला. “ठीक. एकेक रंग घेतो. आधी पिवळी. पाळी नुमातासानची आहे, त्यांनीच आणली आहे. ज्यांना पिवळी मान्य असेल, त्यांनी हात वर करावा.”

आणि खरं सांगतो, सगळ्यांना मान्य होती. सगळ्यांना कुठलीही मान्य होती. चौघांनी हात वर केले.

मिकामींनी हात मोजायला मान वळवली आणि ती तशीच राहिली.

“हामानाका, मत उजव्या हाताने देतात.”

“तुम्हीही डावाच वर केलाय, अध्यक्ष.”

“मी मोजणारा आहे.”

“किकुएसाननीही डावाच केलाय.”

“माझी बाही घट्ट आहे,” किकुएसान म्हणाल्या. मग त्यांनी नुमातांच्या हाताकडे पाहिलं. तोही डावाच. “आणि हे तर लहानपणापासूनचे डावरे!”

त्या आधी स्वतःशीच हसल्या, मग ओठ दाबून हसल्या, आणि मग डोक्यावरचा रुमाल डोळ्यांना लावून हसू लागल्या. “हात खाली घ्या हो कुणीतरी. माझा वरच अडकेल.”

हामानाकाने पहिली कबुली दिली. त्याचा उजवा कोपर गेला होता, दुरुस्त्या करून करून. मिकामींचे दोन्ही खांदे आखडले होते, डावा थोडा बरा. किकुएसानचा उजवा खांदा कधीचाच गेला होता, आणि गेल्या वर्षी पाळी त्यांची होती.

“मग तुम्ही कसं केलंत?” नुमातांनी विचारलं.

“बसून.”

“खाली बसून?”

“पंपावर बसून. त्यात लाजायचं काय? वजन देवाने दिलंय, वापरलं.”

“त्याच्या आदल्या वर्षी माझी,” मिकामी म्हणाले. “सगळं माझ्या बायकोने केलं. तिचे खांदे उत्तम आहेत. पण हे तिला मंडळात बोलायचं नाही म्हणून बजावलंय.”

नुमातांनी टेबलावरच्या चार गनकडे पाहिलं. इतके दिवस दोन शर्ट, उघड्या खिडक्या, भाताला येणारा वास. त्यांच्या छातीवरून काहीतरी जड उतरलं आणि त्यांना ते लपवावंसंही वाटलं नाही.

“मिकामीसान,” ते म्हणाले, “मला वाटत होतं, तुम्ही एक दिवस स्वच्छ शर्ट घालून माझ्या ओट्यावर येणार.”

“मला वाटत होतं, तुम्ही तिघे मिळून माझ्या ओट्यावर येणार,” मिकामी म्हणाले. “मोटारीचा आवाज आला की मी संडासात जाऊन बसायचो. घरी नाही म्हणून सांगा, म्हणायचो.”

“आणि मी,” हामानाका म्हणाला, “मी तर बियाणंही विकत आणून ठेवलंय. काकडीचं.”

किकुएसाननी रुमाल पुन्हा डोक्याला बांधला. मिकामींनी सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं, अध्यक्षाला शोभेल अशा गंभीरपणे.

“मग आता माफी कोण कुणाला देणार?”

या प्रश्नाला मंडळाच्या नियमांत उत्तर नव्हतं, आणि ते शोधायला सोसायटीत जायची कुणाची इच्छा नव्हती. ठरलं ते असं. गन परत करायच्या नाहीत. नुमातांच्या पिवळीला किकुएसानची बॅटरी, किकुएसानच्या लालला हामानाकाची, हामानाकाच्या हिरवीला अध्यक्षांची आणि अध्यक्षांच्या निळीला नुमातांची. म्हणजे एकट्याने कुणाला ग्रीस भरताच यायचं नाही. चौघांनी आपापल्या बॅटऱ्या घेऊन यायचं आणि चार बाजूंनी यंत्राला भिडायचं. पाळी बंद. निपल शोधायचं काम हामानाकाकडे. वाकायचं काम मिकामींच्या बायकोला विचारून ठरवायचं. आणि बेअरिंग भरलं की नाही ते हाताला कळत नाही, म्हणून एकाने भरायचं आणि दुसऱ्याने ‘बस’ म्हणायचं.

मग मटण तव्यावर पडलं. किकुएसाननी तांदळाच्या दारूची, साकेची, मोठी बाटली आणली होती, ती दोन हातांनी उचलायची तसली, काचेची. पाळीचा माणूस म्हणून पहिला पेला नुमातांचा. स्वतःचा पेला स्वतः भरायचा नसतो. मिकामींनी डाव्या हाताने बाटली उचलली. ती टेबलापासून चार बोटं वर गेली आणि थरथरत थांबली. हामानाकाने खालून डावा हात लावला. किकुएसाननी बाटलीच्या मानेला डावा हात लावला. तरी ती नीट कलेना, तेव्हा ज्याच्यासाठी ओतायची त्या नुमातांनीच आपला डावा हात वर ठेवून ती आपल्या पेल्याकडे वळवली. असभ्यपणाच झाला, पण कुणाच्या लक्षात आलं नाही. पेला भरला, भरून वाहिला, टेबलभर साके झाली. पुसायला कुणी उठलं नाही. परवा बीट काढायचे होते आणि सगळ्यांनाच हात जपायचे होते.